जँगोचे परीक्षण: डेटा, नियंत्रण आणि दर्शनी थर यांच्या सीमा कितपत टिकतात?

वेब ॲप्लिकेशन बांधताना माहितीचा साठा, त्या माहितीवर चालणारे काम आणि वापरणाऱ्याला दिसणारे पान हे तीन थर वेगळे ठेवावेत, हे तत्त्व बहुतेक फ्रेमवर्कना, म्हणजे ॲप्लिकेशनचा तयार सांगाडा देणाऱ्या साधनांना, मान्य आहे. मागण्या बदलत गेल्या, मुदती जवळ आल्या, नवी माणसे कोड हाताळू लागली, तरीही हे थर वेगळे राहावेत म्हणून ते फ्रेमवर्क काय व्यवस्था करते, हे मात्र वापरून पाहिल्याशिवाय कळत नाही. पायथॉनमध्ये लिहिलेल्या जँगोचे हे परीक्षण मी याच एका कसोटीवर केले आहे. वेग, होस्टिंगचा खर्च आणि शिकायला लागणारा वेळ यांविषयी इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून ते विषय येथे घेतलेले नाहीत.

माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. दर्शनी थर वेगळा ठेवण्याच्या बाबतीत जँगोइतके विचारपूर्वक केलेले काम थोड्याच फ्रेमवर्कमध्ये आढळते; डेटाचा थरही भक्कम आहे. व्यवहाराचे नियम कोठे लिहावेत याविषयी मात्र जँगो काहीच सांगत नाही, आणि त्याच्या काही सोयी तर ते नियम चुकीच्या ठिकाणी लिहिण्याकडे नकळत नेतात. ही उणीव भरून काढता येते, पण ती कोड लिहिणाऱ्यालाच शिस्तीने भरून काढावी लागते.

उदाहरणासाठी एका सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेवीचे काम समोर ठेवतो. तेथे सभासद असतात, त्यांची वर्गणी आणि अनामत असते, प्रत्येक प्रतीला स्वतंत्र दाखल क्रमांक असतो, पुस्तक घरी जाते, परत येते आणि उशीर झाला तर विलंब शुल्क लागते. नियम ऐकायला सोपे आहेत. पण आजीव सभासद, बालविभाग, मासिके, वाचनालयाच्या सुट्या अशा अपवादांनी ते लवकरच गुंतत जातात, आणि थर खरोखर वेगळे आहेत की नाहीत याची परीक्षा अशाच नियमांवर होते.

जँगोचा जन्म वृत्तपत्राच्या कचेरीत झाला, ही गोष्ट त्याची रचना समजून घेताना महत्त्वाची ठरते. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावी ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ नावाच्या दैनिकाच्या वेब विभागात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये त्याची सुरुवात केली. जुलै २००५ मध्ये ते बीएसडी परवान्याखाली सर्वांसाठी खुले झाले आणि २००८ पासून जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था त्याची जबाबदारी सांभाळते. वृत्तपत्रात मजकूर भरणारा, पान सजवणारा आणि प्रोग्राम लिहिणारा ही तीन वेगळी माणसे असतात आणि तिघांनाही एकाच वेळी, मुदतीच्या आत काम करायचे असते. टेम्प्लेटची, म्हणजे पानाच्या साच्याची, भाषा पायथॉनपासून अलग ठेवणे आणि मजकूर भरण्यासाठी ॲडमिन हा तयार विभाग देणे, हे दोन्ही निर्णय या कामाच्या विभागणीशी सुसंगत आहेत.

तीन थरांची मूळ कल्पना याहून बरीच जुनी आहे. नॉर्वेचे ट्रिग्वे रीनस्काउग यांनी १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात असताना, स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेच्या संदर्भात, मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर ही रचना मांडली. त्या रचनेत मॉडेल बदलले की त्याची खबर व्ह्यूला मिळे आणि पडदा लगेच बदले. वेबवर मागणी आली की उत्तर जाते आणि संबंध तेथेच संपतो, त्यामुळे तीच नावे वेगळ्या कामांना चिकटली. जँगोत मॉडेल, टेम्प्लेट आणि व्ह्यू असे तीन भाग आहेत, आणि येथला व्ह्यू हा इतर फ्रेमवर्कमधल्या कंट्रोलरच्या जागी येतो, एवढे नव्या माणसाने आधीच पक्के करून घ्यावे. कोणती माहिती दाखवायची हे व्ह्यू ठरवतो, ती कशी दिसावी हे टेम्प्लेट ठरवते आणि कोणत्या पत्त्यावर कोणता व्ह्यू चालवायचा ही वाटणी यूआरएलची यादी करते, अशी ही मांडणी आहे.

सर्वांत चांगल्या भागापासून सुरुवात करतो. जँगोच्या टेम्प्लेटमध्ये पायथॉन लिहिता येत नाही. अट आणि लूप आहेत, तारखेचे रूप बदलण्यासारखे फिल्टर आहेत. पण एखाद्या मेथडला (वस्तूला जोडलेल्या फंक्शनला) आर्ग्युमेंट, म्हणजे कामासाठी लागणारी माहिती, देऊन बोलावता येत नाही आणि थेट क्वेरीही, म्हणजे डेटाबेसकडे करायची मागणीही, लिहिता येत नाही. रेल्स या फ्रेमवर्कच्या मूळ टेम्प्लेटमध्ये पूर्ण रूबी भाषा चालते, लाराव्हेल या फ्रेमवर्कच्या ब्लेड टेम्प्लेटमध्ये हवे तेव्हा पीएचपी लिहिता येते. त्यांच्या तुलनेत ही बंधने प्रथम जाचक वाटतात. परंतु ‘बालविभागाचा सभासद असेल आणि उशीर सात दिवसांहून अधिक असेल तर शुल्क निम्मे’ असा नियम टेम्प्लेटमध्ये लिहायला बसलेल्या माणसाला तेथे तो सहजासहजी लिहिताच येत नाही, तो मागच्या थरात न्यावा लागतो, आणि थर वेगळे ठेवण्याचा याहून परिणामकारक उपाय मला माहीत नाही.

या सावधगिरीचा एक बारीक नमुना पाहण्यासारखा आहे. टेम्प्लेटमध्ये आर्ग्युमेंट नसलेली मेथड बोलावता येते, म्हणजे कोणी ‘सभासद.डिलीट’ असे लिहिले तर पान उघडताच सभासदाची नोंद पुसली जायला हवी. तसे होत नाही. मॉडेलच्या सेव्ह आणि डिलीट या मेथडवर ‘ऑल्टर्स डेटा’ अशी खूण केलेली असते, आणि ही खूण दिसली की टेम्प्लेटचे इंजिन ती मेथड चालवायचेच नाकारते. स्वतः लिहिलेल्या मेथडवरही हीच खूण करता येते. ‘शुल्क माफ कर’ किंवा ‘अनामत परत कर’ अशा मेथड मॉडेलवर असतील तर त्यांच्यावर ती अवश्य करावी. १.० या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, टेम्प्लेटमधून बाहेर पडणारा मजकूर, त्यातली एचटीएमएलची विशेष चिन्हे आपोआप निर्धोक करूनच, छापला जातो, हाही याच काळजीपूर्वक वृत्तीचा भाग आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. टेम्प्लेटमध्ये व्हेरिएबलचे नाव चुकले तर त्रुटी दाखवली जात नाही, त्या जागी काहीच छापले जात नाही. विलंब शुल्काचा रकाना कोरा दिसतो आणि काउंटरवर बसलेली व्यक्ती शुल्क नाही असे समजून पुस्तक परत घेते. चालू संकेतस्थळ एका अक्षराच्या चुकीने बंद पडू नये हा यामागचा हेतू समजण्यासारखा आहे, पण पैशाशी संबंधित पानावर मला कोऱ्या रकान्यापेक्षा स्पष्ट त्रुटी अधिक पसंत आहे. ज्यांना हे फारच अडचणीचे वाटेल त्यांच्यासाठी २०१५ मधल्या १.८ आवृत्तीपासून जिन्जा हे टेम्प्लेट इंजिन वापरण्याची अधिकृत सोय आहे. त्यात कडक तपासणी लावता येते, मात्र आर्ग्युमेंट देण्याची मोकळीकही परत येते.

डेटाच्या थराकडे वळताना ओआरएमची, म्हणजे टेबलांतील नोंदी पायथॉनच्या वस्तू म्हणून हाताळू देणाऱ्या भागाची, स्तुती करावीशी वाटते. टेबलांची रचना पायथॉनच्या क्लासमध्ये लिहायची आणि त्या रचनेतील प्रत्येक बदलाची नोंद मायग्रेशनच्या फाइलमध्ये ठेवायची, ही पद्धत अतिशय उपयोगाची आहे. मायग्रेशनची सोय मुळात अँड्र्यू गॉडविन यांच्या साउथ या स्वतंत्र पॅकेजातून आली आणि लोकांच्या वर्गणीच्या आधाराने २०१४ च्या १.७ आवृत्तीत जँगोच्या गाभ्यात दाखल झाली. मात्र याच थरातली एक सोय थरांची सीमा गुपचूप ओलांडते आणि तिच्याविषयी सविस्तर लिहिले पाहिजे.

जँगोतील क्वेरीसेट, म्हणजे क्वेरी धरून ठेवणारी वस्तू, आळशी असतो, म्हणजे व्ह्यूमध्ये ‘आज बाहेर असलेली पुस्तके’ अशी क्वेरी लिहिली तरी डेटाबेसकडे ती लगेच जात नाही; कोणीतरी प्रत्यक्ष नोंदी मागेपर्यंत ती थांबते. आता व्ह्यू ही अपुरी क्वेरी टेम्प्लेटच्या हाती देतो, आणि टेम्प्लेटमधला लूप प्रत्येक ओळीत सभासदाचे नाव, प्रतीचा दाखल क्रमांक आणि पुस्तकाचे शीर्षक छापतो. यादीत ५० नोंदी असतील तर पहिली एक क्वेरी, मग प्रत्येक नोंदीसाठी सभासदाची एक, प्रतीची एक आणि पुस्तकाची एक, अशा एकूण १५१ क्वेरी डेटाबेसकडे जातात. पान सजवणाऱ्या व्यक्तीने फक्त एक टिंब देऊन शीर्षक छापलेले असते. त्या टिंबामागे डेटाबेसची फेरी आहे हे तिला दिसण्याचा कोणताही मार्ग नसतो. म्हणजे कागदावर तीन थर वेगळे आहेत, पण कामाच्या वेळी दर्शनी थर थेट डेटाच्या थराशी बोलतो आहे आणि नियंत्रणाच्या थराला त्याचा पत्ताही नाही.

उपाय आहे आणि तो सोपा आहे. व्ह्यूमध्ये ‘सिलेक्ट रिलेटेड’ लिहून सभासद, प्रत आणि पुस्तक एकाच जॉइनमध्ये, म्हणजे टेबले जोडणाऱ्या एकाच क्वेरीत, मागवले की १५१ क्वेरींची एक होते. पुस्तकाचे लेखक अनेक असतील तर ‘प्रीफेच रिलेटेड’ने आणखी एका क्वेरीत सर्वांचे लेखक येतात. पण हा उपाय आठवणीवर अवलंबून आहे. उद्या कोणी टेम्प्लेटमध्ये प्रकाशकाचे नाव वाढवले की पुन्हा ओळीगणिक क्वेरी सुरू होतील, आणि घरच्या संगणकावर दहा नोंदींच्या चाचणी-डेटावर ते जाणवणारही नाही. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या यादीसाठी ‘असर्ट नम क्वेरीज’ वापरून क्वेरींची संख्या बांधून देणारी चाचणी लिहावी, असे मी आग्रहाने सुचवेन. टेम्प्लेट बदलले आणि क्वेरी वाढल्या की ती चाचणी नापास होते, आणि सीमा कोठे ओलांडली गेली ते त्याच दिवशी कळते.

आता नियमांचा प्रश्न. विलंब शुल्काची आकारणी व्ह्यूमध्ये लिहिली तर काउंटरच्या पानापुरते काम भागते. पण तोच आकडा सभासदाच्या मोबाइल ॲपसाठीच्या एपीआयला (दुसऱ्या प्रोग्रामला माहिती पुरवणाऱ्या वाटेला) हवा असतो, रात्री स्मरणपत्रे पाठवणाऱ्या कमांडला हवा असतो आणि वर्षअखेरीच्या अहवालालाही हवा असतो. चार ठिकाणी चार नकला झाल्या की सुट्यांचा नियम तीन ठिकाणी बदलतो आणि चौथ्या ठिकाणी राहून जातो. त्यामुळे बहुतेक अनुभवी मंडळी नियम मॉडेलवर लिहायला सांगतात, आणि आकारणीसारख्या फक्त वाचणाऱ्या नियमासाठी हा सल्ला योग्य आहे.

मात्र नोंद बदलणारे नियम मॉडेलच्या सेव्ह मेथडमध्ये घालण्याची जी सवय जँगोच्या प्रकल्पांत सर्रास दिसते, तिच्यापासून दूर राहावे. क्वेरीसेटवर ‘अपडेट’ चालवले तर सेव्ह बोलावली जात नाही आणि नोंद साठवल्याची खबर देणारे सिग्नलही जात नाहीत. अनेक नोंदी एकदम घालणाऱ्या ‘बल्क क्रिएट’चेही तसेच आहे. मायग्रेशनमध्ये मिळणारे मॉडेल त्या वेळच्या टेबलरचनेवरून उभे केलेले असते, त्यात आपण लिहिलेल्या मेथड नसतात. शिवाय मॉडेलच्या ‘क्लीन’मध्ये लिहिलेली तपासणी सेव्ह करताना आपोआप होत नाही, मॉडेलवर आधारलेला फॉर्म ती करून घेतो, पण फॉर्म टाळून नोंद साठवली तर तपासणीही टळते. हे सर्व कागदपत्रांत स्वच्छ लिहिलेले आहे. तरीही नव्या माणसाची समजूत अशी होते की मॉडेलमध्ये लिहिले म्हणजे नियम सुरक्षित झाला, आणि जँगोच्या रचनेत ती समजूत दूर करणारे काही नाही.

जो नियम कोणत्याही वाटेने मोडता कामा नये, तो डेटाबेसमध्येच बसवावा. २०१९ च्या २.२ आवृत्तीपासून चेक (किंमत अटीत बसलीच पाहिजे) आणि युनिक (किंमत पुन्हा येता कामा नये) असे दोन्ही निर्बंध मॉडेलमध्ये लिहिता येतात. ‘एकच प्रत एकाच वेळी दोन सभासदांकडे असू शकत नाही’ हा देवघेवीचा मूलभूत नियम आहे. ‘परत आल्याची तारीख रिकामी असलेल्या नोंदींत प्रत एकदाच यावी’ असा सशर्त युनिक निर्बंध लिहिला की पोस्टग्रेस हा डेटाबेस तो स्वतः सांभाळतो. मायएसक्यूएल आणि मारियाडीबी यांत असा सशर्त निर्बंध चालत नाही, त्यामुळे देवघेवीसारख्या कामासाठी डेटाबेस निवडताना हा मुद्दा लक्षात घ्यावा. ४.१ पासून हेच निर्बंध फॉर्मच्या तपासणीतही वापरले जातात, म्हणजे वापरणाऱ्याला डेटाबेसच्या त्रुटीऐवजी समजेल असा संदेश मिळतो. ही सुधारणा मला फार मोलाची वाटते.

उरलेल्या नियमांसाठी मी प्रत्येक ॲपमध्ये (जँगोत प्रकल्पाच्या एकेका भागाला ॲप म्हणतात) साध्या फंक्शनांची एक स्वतंत्र फाइल ठेवतो. पुस्तक देण्याचे फंक्शन सभासद, प्रत आणि तारीख एवढेच घेते. ते ट्रँझॅक्शन (ज्यातले सर्व बदल एकत्र होतात किंवा एकही होत नाही अशी कृती) उघडते, ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने प्रतीची ओळ आपल्या ताब्यात घेते म्हणजे शेजारच्या काउंटरवरून तीच प्रत त्याच क्षणी दुसऱ्याला जाऊ नये, मग वर्गणीची बाकी आणि पुस्तकांची मर्यादा तपासते आणि देवघेवीची नोंद करते, काही अडले तर ‘वर्गणी थकली आहे’ अशा अर्थाची आपली स्वतःची त्रुटी उभी करते. या फाइलमध्ये रिक्वेस्ट नाही, टेम्प्लेट नाही, संदेशाचे शब्दही नाहीत. व्ह्यूचे काम फॉर्म वाचणे, हे फंक्शन बोलावणे आणि त्रुटी आली तर ती योग्य शब्दांत दाखवणे एवढेच उरते, आणि मोबाइलचा एपीआय तेच फंक्शन जसेच्या तसे वापरतो. एसक्यूलाइटमध्ये ओळ ताब्यात घेण्याची ही सूचना काहीच परिणाम करत नाही, म्हणून या भागाच्या चाचण्या प्रत्यक्ष वापरातल्या डेटाबेसवरच चालवाव्यात. नव्या ॲपचा सांगाडा तयार करणारी जँगोची कमांड मॉडेल, व्ह्यू आणि चाचण्या यांच्या फाइली देते. नियमांसाठी जागा देत नाही, आणि जी जागा आखून दिलेली नाही ती अनेक प्रकल्पांत कधीच तयार होत नाही.

ॲडमिनविषयी माझे मत थोडे दुभंगलेले आहे. मॉडेल लिहिल्याबरोबर यादी, शोध, फॉर्म आणि परवानग्यांसह चालता विभाग मिळतो, आणि ग्रंथपालाला पहिल्याच आठवड्यात पुस्तकांची नोंद सुरू करता येते. परंतु हा पडदा टेबलाच्या आकाराचा असतो, कामाच्या आकाराचा नसतो. ॲडमिनमधून ‘परत आल्याची तारीख’ हा रकाना कोणीही भरू शकतो, आणि पुस्तक परत घेताना जे शुल्क आकारायचे, जी राखीव मागणी पुढे सरकवायची, ती सर्व पायरी त्यात टळते. निवडलेल्या नोंदी एकदम पुसण्याची सोयही प्रत्येक नोंदीची स्वतंत्र डिलीट मेथड बोलावत नाही. ॲडमिन हे संस्थेच्या अंतर्गत कामापुरते साधन आहे, संपूर्ण दर्शनी भाग त्यावर उभारू नये, असे जँगोचे अधिकृत दस्तऐवजही सांगतात. पुस्तके, लेखक, प्रकाशक यांच्या याद्यांसाठी ॲडमिन जरूर वापरावे. देवघेवीची नोंद मात्र त्यात केवळ वाचण्यापुरती ठेवावी.

मराठीत काम करणाऱ्यांना थरांच्या या विभागणीचा एक थेट लाभ होतो. जँगोच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, आणि पडद्यावरचे शब्द कोडपासून वेगळ्या भाषांतर-फाइलींत ठेवता येतात, त्यामुळे ‘विलंब शुल्क’ऐवजी ‘दंड’ लिहायचे ठरले तर नियमांना हात लावावा लागत नाही. देवनागरी अंक मात्र जँगो आपोआप छापत नाही. त्यासाठी एक लहान टेम्प्लेट फिल्टर लिहावा लागतो. तो तेथेच असावा. दाखल क्रमांक डेटाबेसमध्ये देवनागरी अंकांत साठवले की क्रमवारी, शोध आणि बारकोड या तिन्हींत अडचणी सुरू होतात. उलट दिशेने आश्चर्य वाटावे इतकी सोय आहे: पायथॉनचे पूर्णांक वाचणारे फंक्शन ‘१२’ ही देवनागरी अक्षरेही बारा म्हणूनच वाचते, त्यामुळे साध्या मजकुराच्या रकान्यात सभासद क्रमांक देवनागरीत टाइप केला तरी जँगोचा पूर्णांकाचा फॉर्म तो बिनतक्रार स्वीकारतो.

क्लासवर आधारलेले तयार व्ह्यू २०११ च्या १.३ आवृत्तीपासून आहेत. सरळ याद्यांसाठी ते ठीक आहेत. जेथे नियम आहेत तेथे साधे फंक्शन वाचायला कितीतरी सोपे जाते, कारण काय आधी घडते आणि काय नंतर, हे एका नजरेत दिसते. फ्लास्कसारखे लहान फ्रेमवर्क डेटाच्या थराबाबत काहीच ठरवून देत नाही, त्यामुळे ज्यांचा डेटाबेसच नाही अशा छोट्या सेवांसाठी ते अधिक योग्य आहे.

ज्या कामात टेबले पुष्कळ आहेत, नियम सतत बदलतात आणि माणसे दोन-चारच आहेत, अशा कामासाठी मी जँगो निःशंकपणे सुचवेन. आज नवे काम सुरू करताना एप्रिल २०२५ मध्ये आलेली ५.२ ही दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती घेता येईल. तिला सुरक्षा दुरुस्त्या एप्रिल २०२८ पर्यंत मिळणार आहेत. नियम स्वतंत्र फाइलमध्ये आणि निर्बंध डेटाबेसमध्ये असतील, तर पुढच्या आवृत्तीकडे जाताना बदल करावे लागतात ते प्रामुख्याने व्ह्यू, फॉर्म आणि सेटिंगच्या फाइलींत.